ड्रायर गरम होत नाही? आधी 'व्हाय-व्हाय' करा!

'ड्रायर' म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा बाजूचा छोटा डबा आठवतो. तो कपडे नुसते गरगर फिरवून पाणी काढतो. पण ताथवडे-वाकडच्या टॉवर्समध्ये दोरी बांधायला जागा नाही आणि जुलैमध्ये जीन्स तीन-तीन दिवस वाळत नाही. त्यामुळे गरम हवेचा खरा ड्रायरही आता काही घरांत दिसतो. आणि अर्थातच, तो बिघडतोही!

आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंचा ड्रायर फिरत होता, पण तापत नव्हता. मेकॅनिक आला आणि पाच मिनिटांत निकाल देऊन मोकळा! "हीटर गेला, अख्खी असेंब्ली बदला. नाहीतर नवीनच घ्या." पिशवीतला मीटर बाहेरसुद्धा काढला नाही. माझा राग त्याच्यावर नाही, आपण सगळे निमूटपणे मान डोलावतो त्यावर आहे.

मित्रांनो, त्या सर्किटमध्ये असतं तरी काय? साध्या ड्रायरमध्ये एक एलिमेंट, थर्मोस्टॅट आणि थर्मल फ्यूज, सगळे सिरीजमध्ये. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॉट, म्हणजे २३० व्होल्टवरच्या २००० वॉटच्या एलिमेंटचा रेझिस्टन्स साधारण २६ ओहम. प्लग काढायचा, एलिमेंटची एका बाजूची वायर सोडवायची आणि मल्टिमीटर लावायचा. आकडा २६ च्या आसपास आला, तर एलिमेंट तुटलेला नाही. मग थर्मोस्टॅट आणि फ्यूजची कंटिन्युइटी बघायची. बारावीचं फिजिक्स, दुसरं काही नाही!

काकूंच्या ड्रायरचा फ्यूजच उडाला होता. पण का? मशीन भिंतीला इतकं चिकटवलं होतं की मागचा हवेचा पाइप चेपला होता, त्यात फिल्टर कपड्यांच्या धाग्यांनी तुंबलेला. हवा अडली, आतलं तापमान वाढलं, फ्यूजने आपला जीव देऊन घर वाचवलं. नुसता हीटर बदलून उपयोग शून्य! आणि काही महाभाग अशा वेळी फ्यूज काढून 'डायरेक्ट' करतात. हा जुगाड नाही, आगीला आमंत्रण आहे. धागे पटकन पेटतात.

गंमत बघा. चाकण-भोसरीच्या कंपन्यांमध्ये लाइन बंद पडली की 'व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस' होतं, मूळ कारण सापडेपर्यंत 'का?' विचारतात. तिथे इंटर्नशिप करणारे आपण घरी आलो की 'बदलून टाका' म्हणतो!

आता वारंही अनुकूल आहे. आपल्या केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, त्यात घरगुती ड्रायरही आहेत. पण हक्क कागदावर मिळून काय उपयोग, स्क्रू कुठे फिरवायचा हेच ठाऊक नसेल तर?

म्हणून एक सूचना. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आपण कानस घासून फिटिंगचा जॉब करतो, सबमिशननंतर तो भंगारात जातो. कानस राहू द्या, पण सोबत एक बंद पडलेला गीझर, इस्त्री नाहीतर ड्रायर टेबलावर ठेवा. सर उभे असताना, प्लग काढून, मीटर घेऊन, बिघाड शोधायला लावा. मार्क फ्यूज बदलल्याचे नकोत, तो का उडाला हे सांगितल्याचे द्या.

बघा पटतंय का!