बादलीतली सहल

मुलांनो, परवा माझी चांगलीच तारांबळ उडाली. आमच्या वेरूळच्या सहलीचे २४० फोटो मी इंटरनेटवरच्या साठवणीत ठेवले आणि त्याच दिवशी कॅमेऱ्याचे कार्ड पुसून टाकले. (पालकांनो, हसू नका. घाई सगळ्यांनाच असते.) मग लक्षात आले, फोल्डरच्या नावातला 'रू' चुकून ऱ्हस्व पडलाय! तुमच्या वह्यांत लाल रेघा मारणारी मी, मला ते कसे चालणार? नाव बदलायचा छोटासा प्रोग्राम लिहिला, चालवला, आणि वीज गेली.

वीज आल्यावर यादी पाहते तर काय, ३३५ नावे! फोटो वाढले कसे?

आधी शाळेत जाऊ. तुम्ही शिपाईमामांना म्हणता, "मामा, बाईंना चौथीचा हजेरीपट हवाय." मामा तो ऑफिसातल्या कपाटातून आणतात की मैदानापलीकडच्या जुन्या इमारतीतून, तुम्हाला त्याचे काय? पायथॉन या संगणकाच्या भाषेत तसेच असते. 'ओपन' म्हटले की फाइल उघडते, 'रीड' म्हटले की वाचली जाते. हे शब्द मुळात आपल्याच संगणकातल्या फायलींसाठी. पण एफएसस्पेक नावाची जोड घेतली, की अगदी तशाच 'ओपन'ला दूरचा पत्ताही देता येतो. पत्त्याच्या सुरुवातीला 'एस३' दिसले, की आपले हे मामा ॲमेझॉनच्या एस३ या साठवणीकडे धावतात. ती २००६ साली सुरू झाली. तिथे प्रत्येकाच्या साठ्याला 'बकेट' म्हणतात, म्हणजे चक्क बादली!

गंमत अशी, की या नेहमीच्या बादलीत फोल्डर नसतातच. असतात फक्त वस्तू आणि त्यांची लांबलचक नावे. 'सहल/वेरूळ/फोटो१' हे सगळे मिळून एकच नाव, मधल्या तिरप्या रेघांसकट. आपण 'वेरूळचे फोल्डर दाखव' म्हटले, की 'सहल/वेरूळ/'ने सुरू होणारी नावे शोधून मामा फोल्डर असल्याचे नाटक करतात. नाटक इतके छान, की आपण फसतो. निदान मी तरी फसले.

आपल्या संगणकात फोल्डरचे नाव बदलणे म्हणजे कपाटावरची पट्टी बदलणे. आत फोटो २४० असोत की २४,०००, काम क्षणाचे. बादलीत मात्र पट्टी लावायला कपाटच नाही! आणि ठेवलेल्या वस्तूचे नावही तिथे बदलता येत नाही. म्हणून प्रत्येक फोटोची नव्या नावाने प्रत काढायची आणि जुनी पुसायची. एका वेलांटी-उकाराच्या चुकीपायी २४० प्रती! फोटो घरी येत नाहीत हं, प्रत तिकडेच निघते. पण 'याची प्रत काढ' हा निरोप दर फोटोला इथूनच जातो. संगणक बंद, की निरोप बंद.

आता ३३५चा हिशेब लागतो. माझ्या प्रोग्राममध्ये आधी सगळ्या प्रती आणि शेवटी पुसापुशी असा क्रम होता. ९५ प्रती निघाल्या आणि अंधार झाला. जुने २४० जागच्या जागी होते! मी यादी दोनदा मोजली, तेव्हा कुठे घोटभर चहा घशाखाली उतरला.

मग तोच प्रोग्राम पुन्हा चालवला. आधीच्या ९५ प्रतींवर त्याच नावाच्या प्रती पुन्हा लिहिल्या गेल्या, त्यामुळे दुप्पट काही झाले नाही. नवी नावे २४० भरल्याची खात्री केली, मगच जुनी पुसू दिली.

आता तुमच्यासाठी कोडे. समजा मी 'एक प्रत काढ, लगेच तिची जुनी पूस, मग पुढची' असा क्रम लिहिला असता, तर वीज गेली तेव्हा बादलीत एकूण किती नावे दिसली असती? उत्तरे दोन आहेत. दोन्ही शोधा.