पंचनाम्यात न येणारी स्वप्ने

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. मुरूड-श्रीवर्धनकडच्या वाड्यांतले माड आणि पोफळी आडव्या झाल्या, कौले-पत्रे उडाले. नव्या पोफळीला सुपारी धरायला पाच-सात वर्षे लागतात. या नुकसानीचा पंचनामा झाला. झोपेच्या नुकसानीचा होत नाही.

मोठ्या आपत्तीनंतर काहींना तोच प्रसंग पुन्हा पुन्हा स्वप्नात दिसतो, हे जगभर दिसून आले आहे. छप्पर उडते, हाक मारावी तर आवाज फुटत नाही, माणूस घामाघूम होऊन दचकून उठतो. पुढे तर झोपायचीच धास्ती वाटू लागते. घरचे म्हणतात, ‘स्वप्नच ते, विसर आता.’

पण हे स्वप्न आहे, एवढे ते पडत असतानाच कळले तर? यालाच ‘ल्युसिड ड्रीमिंग’ म्हणतात, म्हणजे स्वप्नातली जाग. ही थाप नव्हे. स्वप्नांच्या झोपेत हातपाय लुळे पडलेले असतात, डोळे मात्र हलतात. १९७५ मध्ये इंग्लंडच्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगात ॲलन वर्स्ली यांनी झोपेतूनच, आधी ठरल्याप्रमाणे, डोळे डावी-उजवीकडे फिरवून खूण केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चार देशांतल्या ३६ जणांवरील प्रयोगांत तर झोपलेल्यांना ‘आठ वजा सहा किती?’ अशी गणिते घातली गेली. बरोबर उत्तर आले ते पाचांतल्या एकाहूनही कमी प्रयत्नांत, पण आले.

एवढ्या भांडवलावर आता ‘स्वप्नातून स्वतःचा शोध’ विकला जातो. हवेत उडा, अंतर्मनाला प्रश्न विचारा, वगैरे. त्यासाठीची एक लोकप्रिय युक्ती म्हणजे झोपल्यावर चार-पाच तासांनी गजर लावून उठायचे आणि पुन्हा झोपायचे. भरती-ओहोटी पाहून अवेळी होडी काढणाऱ्या कोळ्याची झोप आधीच तुटलेली असते. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते, नेमकी तीच त्याच्या वाट्याला कमी येते. त्याने, किंवा कोणीही, आत्मशोधासाठी झोप आणखी मोडावी हा सौदा खोटाच. भ्रम किंवा भास होण्याचा आजार असलेल्यांनी तर या वाटेला जाऊच नये.

दुःस्वप्नांवर याहून साधा आणि अधिक तपासलेला उपाय आहे, आणि तो जागेपणी करायचा आहे. छळणारे स्वप्न कागदावर लिहायचे, त्याला आपल्याला हवे ते वळण द्यायचे आणि नवी गोष्ट रोज दहा-वीस मिनिटे डोळ्यांसमोर आणायची. पत्रा उडाला तरी आपण पोरांना घेऊन शेजारच्या स्लॅबच्या घरात पोचलो, दार लागले, वारा बाहेर राहिला. वळण अगदी अशक्य कोटीतले असले तरी चालते. अमेरिकेतील निद्राविकार तज्ज्ञांची संघटना दुःस्वप्नांसाठी ही पद्धत सुचवते. ल्युसिड ड्रीमिंगला मात्र ‘वापरून पाहता येईल’ एवढेच स्थान देते. आत्मशोध म्हणायचाच तर तो इथे आहे, आणि तो लहानसा आहे. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ हे खरे, पण जे दिसते ते तसेच सोसले पाहिजे असे नाही, हे त्या माणसाला उमगते.

जुना आघात मोठा असेल तर हे एकट्याने करू नये. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. त्याहून सोपी गोष्ट गावातच करता येईल. वादळानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, आशाताई ताप-जुलाबाची चौकशी करतात. त्यात आणखी दोन प्रश्न घालायला पैसे लागत नाहीत: झोप लागते का, आणि स्वप्ने कसली पडतात?