दोन्ही बाजू एकदम!

साडीला मॅचिंग ब्लाऊजपीस मिळावा म्हणून लक्ष्मी रोडवर तीन तास फिरणारी आपली माणसं, गाडीच्या मागच्या दोन चाकांना दोन वेगळ्या जातीचे ब्रेक बसवून बिनधास्त घाट उतरतात. माझं म्हणणं सरळ आहे. मागच्या ड्रम ब्रेकचं काम एका बाजूचं करणं म्हणजे काम न करणंच, आणि काही वेळा तर न केलेलं बरं. (शाळेत मराठी थर्ड लँग्वेज होती, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी बघून घ्यावं.)

आमच्या मामाकडे १९९७ सालची मारुती ८०० आहे. या गाडीचं उत्पादन २०१४ सालीच थांबलं, पण मामाचं प्रेम थांबलेलं नाही. मागून डावीकडून घासल्याचा आवाज यायला लागला म्हणून गॅरेजवाल्याने डावीकडचे दोन्ही शू नवे टाकले. उजवा ड्रम उघडलाच नाही. आठवड्याने पहिल्या पावसात उतारावर ब्रेक दाबला आणि गाडीची मागची बाजू सरकली. मागच्या सीटवर आजी होती. समोरून काही आलं नाही, एवढंच.

नंतर उजवा ड्रम उघडला तर आत व्हील सिलेंडर गळत होता आणि लायनर ब्रेक ऑइलने चिंब! म्हणजे एका बाजूला कोरं करकरीत लायनर आणि दुसऱ्या बाजूला तेलात भिजलेलं. आवाज डावीकडे होता, आजार उजवीकडे.

आता यात गॅरेजवाल्यालाच शिव्या घालायच्या का? मला नाही पटत. "एकच साईड करा हो, दुसरी चांगली आहे" हे काउंटरवर कोण म्हणतं? आपणच. मामाही तेच म्हणाला होता (मामी साक्षीदार आहे).

थिअरी आपल्या सगळ्यांना पाठ आहे. लीडिंग शूला ड्रम स्वतःच आत ओढतो, म्हणून कमी जोरात जास्त ब्रेक लागतो. पेपरात डेरिव्हेशन आलं की फुल मार्क! पण त्याचाच दुसरा अर्थ कोणी सांगत नाही. डिस्क ब्रेकमध्ये घर्षण दहा टक्क्यांनी घटलं तर ब्रेकही साधारण तेवढाच घटतो. लीडिंग शूमध्ये तो त्याहून जास्त घटतो, कारण ओढून घेण्याची मदतही त्याबरोबर कमी होते. म्हणजे डावी-उजवीकडचा बारीकसा फरकसुद्धा ड्रम मोठा करून दाखवतो. त्यात जोरात ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. अशा वेळी ज्या चाकाचा ब्रेक जास्त धरतो ते आधी लॉक होतं, आणि घसरणारं चाक गाडीला आडवं जाण्यापासून रोखू शकत नाही.

सिलेंडरचंही तसंच. पाऊण इंच आणि ११/१६ इंच बोअरचे दोन सिलेंडर हातात घेतले तर चटकन फरकही कळत नाही. एरियाचं गुणोत्तर मात्र १४४ भागिले १२१, म्हणजे तेवढ्याच प्रेशरला एका बाजूला १९ टक्के जास्त जोर. "बसतोय ना, मग चालतोय" हे वाक्य इथे चालत नाही.

मग करायचं काय? शू दोन्ही चाकांचे, एकाच कंपनीच्या एकाच सेटमधले. ऑइल लागलेलं लायनर पॉलिश पेपरने घासून परत लावू नका, ते प्यायलेलं ऑइल जात नाही. दोन्ही ड्रमचा आतला व्यास मोजा. एक लेथवर मारला असेल तर दुसराही बघावा लागतो, आणि लिमिटच्या पुढे गेलेला ड्रम सरळ भंगारात. स्प्रिंगसुद्धा जोडीनेच बदला, ढिली स्प्रिंग शूला मागे खेचत नाही. ज्या गाड्यांत स्टार-व्हील ॲडजस्टर असतो तिथे डाव्या-उजव्याचे आटे उलटे असतात. अदलाबदल झाली तर ब्रेक आपोआप टाइट होण्याऐवजी ढिला होत जातो. म्हणून एका वेळी एकच बाजू खोलायची. स्प्रिंग कुठली कुठे होती हे विसरलात तर दुसरी बाजू कॉपी करायला असते (हॉस्टेलवाल्यांना हे तंत्र वेगळं शिकवायला नको!). आणि आतली काळी धूळ तोंडाने किंवा एअरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओलं करून पुसा.

शेवटी हँडब्रेकची केबल आधी ढिली ठेवून शू ॲडजस्ट करायचे, एअर काढायची, मग केबल ताणायची. दोन्ही चाकं उचलून हाताने फिरवायची. दोन्हींचा घासण्याचा आवाज सारखा आला पाहिजे. मामाच्या गाडीचं हे सगळं एका दुपारी झालं, तेही चहाचे दोन ब्रेक धरून.

आता स्टाफला एक विनंती. वर्कशॉपमागे गवतात एक जुना मागचा ॲक्सल पडलाय, ड्रमसकट. तो आत आणा. एका बाजूला नवे शू, दुसऱ्या बाजूला ऑइल लावलेले, आणि दोन्हीकडचा टॉर्क आम्हाला मोजू द्या. जर्नलमध्ये निदान एका प्रॅक्टिकलची रीडिंग्ज तरी सीनियरच्या वहीतून येणार नाहीत.