निरोपाचे कुलूप आणि ग्रुपचे दार



निवडणूक जवळ आली की आपल्यात दोन तऱ्हेचे कार्यकर्ते दिसू लागतात. एकाला वाटते, सगळे सरकार आपलाच फोन ऐकत बसले आहे. दुसरा गावोगावच्या बूथ कार्यकर्त्यांची यादी नंबरांसकट सातआठशे माणसांच्या ग्रुपवर टाकतो आणि खाली लिहितो, 'कृपया गुप्त ठेवावे'. पहिल्याची थोडी चेष्टा केली तरी चालेल. दुसऱ्याला मात्र शेजारी बसवून समजावले पाहिजे, कारण त्या यादीत सोसायटीचे पीककर्ज डोक्यावर असलेला अल्पभूधारक असतो, बटाईने शेत करणारा असतो, सासरच्यांना न सांगता बैठकीला येणारी बहीण असते. यादी फुटली की उमेदवाराचे फारसे बिघडत नाही. रात्री दारात माणसे येतात ती या लोकांच्या.

पहिल्याची भीतीही अगदी पोकळ नाही. जुलै २०२१ मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेत आरोप केला की, आपण खासदार असताना आपला फोन 'अमजद खान' या नावाने, अमली पदार्थांच्या व्यापाऱ्याचा म्हणून दाखवून ऐकला गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्यात गुन्हा नोंदला गेला. त्यात बच्चू कडू यांचाही फोन 'निजामुद्दीन बाबू शेख' या नावाखाली ऐकल्याचे म्हटले होते. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणातील गुन्हे रद्द केले. कोण दोषी, कोण निर्दोष, हा वाद येथे उकरायचा नाही. आपल्या कामाचे एवढेच, की साधा फोन आणि साधा एसएमएस ऐकायला-वाचायला कंपनीकडे एक आदेश गेला की पुरते. आदेशावर नाव कोणाचे आणि कारण कोणते लिहिले आहे, हे ज्याचा फोन त्याला कोणी कळवत नाही.

कायदा नाही असे नाही. १८८५ च्या तार कायद्याखाली वाटेल तसे फोन ऐकले जातात म्हणून पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९९६ साली न्यायालयाने बंधने घातली. गृहसचिवाचा लेखी आदेश हवा, तो दोन महिन्यांचा, वाढवला तरी सहा महिन्यांच्या पुढे नाही, आणि वर आढावा समिती. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्याचे आदेश रद्द करून ती ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली. आता तार कायद्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. पण न्याय मिळतो तो फोन ऐकून झाल्यावर, काही वर्षांनी. निवडणूक तोवर थांबत नाही.

म्हणून कुलूपबंद निरोप. त्याला एंड टू एंड एन्क्रिप्शन म्हणतात. नाव अवघड आहे, काम सोपे. तुमच्या फोनमध्ये एक किल्ली तयार होते आणि ती फोन सोडून बाहेर जात नाही. पाठवणारा तुमच्या कुलपाने निरोप बंद करतो. मधल्या कंपनीच्या हातून जाते ती बंद पेटी. ती उघडायला सांगितले तरी तिच्याकडे किल्लीच नसते. सिग्नल या ॲपची ही पद्धत व्हॉट्सॲपनेही २०१६ साली सगळ्यांना लागू केली. टेलिग्रामबद्दल मात्र आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. तेथील ग्रुप आणि नेहमीचे निरोप असे कुलूपबंद नसतात, ते कंपनीच्या यंत्रावर साठतात. 'सीक्रेट चॅट' मुद्दाम उघडले तरच कुलूप लागते, आणि तेही दोघांपुरते.

आता या कुलपाने काय झाकत नाही ते पाहू. वालूरची चक्राकार बारव ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच उमगेल. गोल फिरत जाणाऱ्या पायऱ्यांनी दोघे तळाशी उतरले आणि हळू आवाजात बोलले, तर काठावरच्याला शब्द कळणार नाही. पण कोण उतरले, कोणाबरोबर, किती वेळ बसले, हे त्याला वरून स्वच्छ दिसते. फोनचेही तसेच आहे. कोण कोणाशी केव्हा बोलले याची नोंद मागे राहते आणि पुष्कळदा तेवढ्यावरच अंदाज बांधता येतो. या बाबतीत सिग्नल कमी नोंद ठेवते. २०१६ साली अमेरिकेत न्यायालयामार्फत माहिती मागितली गेली तेव्हा त्यांना दोनच गोष्टी देता आल्या: खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले. व्हॉट्सॲपकडे याहून बरेच असते.

दुसरी गोष्ट कपाशीवाल्यांना सांगायला नको. बोंड बाहेरून हिरवेगार आणि आत गुलाबी बोंडअळी सरकी खात बसलेली, हे २०१७ च्या हंगामात आपण सोसले. एकदा अळी आत शिरली की वरची फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. पेगासस हे इस्रायली हेरयंत्र असेच फोनच्या आत शिरते आणि कुलूप लागण्याआधीच निरोप वाचते. २०१९ साली व्हॉट्सॲपने जगभरातील सुमारे १४०० जणांवर असा हल्ला झाल्याचे जाहीर केले. त्यात भीमा कोरेगाव प्रकरणाशी संबंधित वकील आणि कार्यकर्तेही होते. पण सेलू तालुक्यातल्या बूथ कार्यकर्त्यावर एवढे महागडे हत्यार कोणी वाया घालवील, असे मला वाटत नाही. त्याचा निरोप फार स्वस्तात फुटतो. झेरॉक्सच्या दुकानात पत्रक छापायला व्हॉट्सॲप संगणकाला जोडले आणि तसेच सोडून आला. फोन चार्जिंगला लावून चहाला गेला. ग्रुपमधल्या एकाने स्क्रीनशॉट काढून मेहुण्याला पाठवला, आणि मेहुणा दुसऱ्या पक्षात.

हे खेड्यातल्या अडाण्यांचे, असे कोणी म्हणू नये. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांसह बडे अधिकारी येमेनवरील हल्ल्याची चर्चा सिग्नलवर करत होते आणि त्यांच्यातल्याच एकाच्या फोनवरून एक पत्रकार चुकून ग्रुपमध्ये घेतला गेला. सिग्नलचे कुलूप शाबूत होते. घराचे दारच उघडे होते. आपल्या जवळचेही उदाहरण आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या सीमेवरील शेतकरी आंदोलनाला पाठिंबा देणारे 'टूलकिट' ग्रेटा थनबर्ग हिने समाजमाध्यमावर टाकले. ते तयार करणाऱ्यांचा माग निघाला, बंगळुरूच्या दिशा रवी हिला अटक झाली, आणि बीडच्या एका तरुण अभियंत्याला औरंगाबाद खंडपीठाकडून दहा दिवसांचा जामीन घ्यावा लागला. दिशाला जामीन देताना दिल्लीच्या न्यायालयाने म्हटले की व्हॉट्सॲप ग्रुप बनवणे हा गुन्हा नाही. हे आपण पाठ करून ठेवावे. कुलूपबंद निरोप वापरणे हाही गुन्हा नाही.

म्हणून माझे म्हणणे, लपवायचे ते थोडे ठेवा. सभा, पत्रके, मागण्या, आश्वासने हे चावडीवर वाचून दाखवण्याचे. ते मोठ्या ग्रुपवर खुशाल जाऊ द्या, विरोधकांनी वाचले तर बरेच. खर्चाचा हिशेब तर लपवायचा नाहीच, तो निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावाच लागतो. निरोप आपोआप पुसण्याची सोय हिशेबाची वही पुसायला वापरणारा कार्यकर्ता आपल्याला नको. उरते काय? कार्यकर्त्यांची नावे आणि नंबर, उद्या कोण कोठे फिरणार ते, आणि दबाव आल्याच्या तक्रारी. एवढे सिग्नलवर, तालुक्याच्या पाचसात जणांच्या ग्रुपमध्ये, आठवड्याने निरोप पुसले जातील असे लावून. ग्रुपमध्ये नवा माणूस घ्यायचा तर आधी दोघांनी त्याला समक्ष भेटावे. व्हॉट्सॲप वापरतच असाल तर 'लिंक केलेली उपकरणे' उघडून अनोळखी संगणक काढून टाका. बॅकअपला वेगळे कुलूप लावावे लागते, तेही लावा. नाहीतर पेटी बंद आणि तिची नक्कल उघडी, असे होते. फोनला सहा आकडी पासवर्ड हवा, आणि तो घरातल्या पोरांना माहीत नको.

ज्या बहिणींनी नंबर दिले आहेत त्यांना विचारल्याशिवाय कोणताही नंबर पुढे जाता कामा नये.

जिल्हा बैठकीला तरुण कार्यकर्ते बाहेरच्या ओट्यावर बसून प्रत्येकाच्या फोनवर हे लावून देतील, अर्धा तास आधी यावे. तालुका प्रमुखांनी बूथ कार्यकर्त्यांची यादी हाताने लिहून, एकच प्रत, स्वतः आणावी. गावच्या दुकानात तिची झेरॉक्स काढू नये.