शिकविलेल्या कसबाचे मोल

महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये राखीव जागा हाती आली की मुंबईस निघालेला कोल्हापूरकर निश्चिंत होतो. गाडीखाली वाकून चाके, स्प्रिंगा आणि ब्रेक तपासणाऱ्या फिटरची त्याला आठवणही होत नाही. ब्रेकच्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोग्रॅम दाबाची हवा असते. तो दाब उतरला की ब्रेक लागतात. ही नळी कोठे गळते, कोणता भाग किती झिजला, हे ओळखणाऱ्या हातांवरच शेकडो प्रवाशांची झोप विसंबून असते.

कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. त्यानंतर वाफेची इंजिने गेली, डिझेलची आली, पुढे विजेची आली. डब्यांना डिस्क ब्रेक बसले. यंत्रे बदलली, परंतु जाणत्या फिटरची गरज संपली नाही. उलट त्याच्याकडून अपेक्षिले जाणारे ज्ञान वाढले.

हे ज्ञान देण्याची व्यवस्था आपल्याकडे आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये रेल्वेच्या कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकता येते. प्रश्न उभा राहतो तो याच्या पुढे. अशा उमेदवारांसाठी रेल्वेने २० टक्के जागा राखून ठेवल्या आहेत, पण त्या अगदी खालच्या, पहिल्या वेतनस्तरावरील पदांच्या. म्हणजे फिटरचे काम शिकलेल्या तरुणाला रुळांच्या देखभालीचे काम पत्करावे लागण्याचा संभव अधिक! तंत्रज्ञाच्या पदांसाठी २०१८ साली भरती निघाली. त्यानंतरची देशव्यापी जाहिरात निघाली ती थेट २०२४ मध्ये. मार्च २०१८ मध्ये माटुंगा-दादर दरम्यान रुळांवर उतरलेल्या शिकाऊ उमेदवारांचा मार्ग समर्थनीय नव्हता. लाखो चाकरमान्यांचे त्या सकाळी हाल झाले. परंतु त्यांचा प्रश्न खोटा होता, असे कोण म्हणेल?

रेल्वेचीही बाजू आहे. शिकविलेल्या प्रत्येकास नोकरी देण्याचे बंधन कायदा घालीत नाही, आणि सार्वजनिक नोकरीची परीक्षा सर्वांना खुली असणे न्याय्यच आहे. तथापि अर्थशास्त्राच्या दृष्टीने कामगाराचे कौशल्य हे भांडवल होय. सार्वजनिक पैशातून ते निर्माण करावयाचे आणि मग वर्षानुवर्षे पडून राहू द्यावयाचे, ही काटकसर नव्हे, उधळपट्टी आहे. न वापरलेला हात यंत्रापेक्षाही लवकर गंजतो.

रेल्वेने २०२४ पासून भरतीचे वार्षिक वेळापत्रक जाहीर करण्यास प्रारंभ केला, हे स्वागतार्ह आहे. आता ते कसोशीने पाळले जावे. शिकाऊ उमेदवारीत सिद्ध झालेल्या कौशल्याला तंत्रज्ञाच्या निवडीतही काही गुण मिळावेत. आणि पुढे नोकरीची हमी नाही, हे प्रवेशाच्या वेळीच मुलांना मराठीत स्पष्ट सांगितले जावे.

आपणा शिक्षकांनाही एक सांगावेसे वाटते. वर्गातील हुशार मुलगा फिटर होतो म्हणाला की आपल्या कपाळावर आठी पडते. ज्या गावात उद्यमनगर उभे राहिले, तेथे तरी ती पडू नये. सरकारकडे कसबाचे मोल मागण्याचा अधिकार, ते स्वतः जाणणाऱ्या समाजालाच शोभतो.