थंडींतील मोटार व कांचेवरील बाष्प

हिंवाळ्यांत मुलांबाळांसह सिमला-मनालीकडे मोटारीनें जाणाऱ्या आमच्या वाचकांस दोन शब्द सांगावेसे वाटतात. हल्लींच्या पुष्कळ मोटारींत आंतील उष्णमान आपोआप राखण्याची सोय असते. आंकडा २२ अंशांवर ठेवला म्हणजे पुरे. तो वाढविल्यानें ऊब लवकर येते असें नव्हे. पेट्रोलच्या मोटारींत ऊब एंजिनाच्या तापलेल्या पाण्यापासून मिळते. तें तापेपर्यंत पंखा मंद राहतो, तो बिघाड नव्हे.

थंडीच्या भीतीनें बाहेरची हवा मात्र बंद करूं नये. पांच-सहा माणसांच्या श्वासांतील बाष्प कांचेवर सांचतें व चालकास रस्ता दिसेनासा होतो. अशा वेळीं ऊब तशीच ठेवून गारव्याचें यंत्रही चालू करावें. तें हवेंतील दमटपणा काढून घेतें व कांच स्वच्छ होते.

बर्फांत अडकल्यास धुराच्या नळीभोंवतालचा बर्फ काढल्याविना एंजिन चालू ठेवूं नये. कोंडलेला विषारी वायु आंत शिरतो, आणि त्यास वासही नसतो. जानेवारी २०२२ मध्यें पाकिस्तानांतील मरी येथें बर्फांत अडकलेल्या मोटारींत वीसाहून अधिक प्रवासी दगावले. चालक कोणीही असो, एवढें घरांतील सर्वांस ठाऊक असावें.