इडियम पाठ करायचे की समजून घ्यायचे?

प्लेसमेंटचा सीझन जवळ आला, की होस्टेलमध्ये झेरॉक्सचा एक गठ्ठा खोल्याखोल्यांतून फिरू लागतो. डावीकडे इंग्रजी इडियम, उजवीकडे अर्थ. पोरं रात्री दोनपर्यंत घोकतात, टेस्टमध्ये चार खुणा करतात आणि आठवड्यात सगळं विसरतात. माझं स्पष्ट मत आहे, की हा वेळ फुकट जातो. इडियम कुठल्या ना कुठल्या धंद्यातून, खेळातून किंवा स्वयंपाकघरातून आलेला असतो. ते चित्र डोळ्यांसमोर आलं, की अर्थ वेगळा पाठ करावा लागत नाही.

आणि मित्रांनो, ही चित्रं आपल्याइतकी दुसऱ्या कुणाच्या ओळखीची असतील? फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी स्मिथीचा जॉब केलाय. लाल झालेली सळई ऐरणीवर ठेवून लगेच घाव घालायचे. थंड झाल्यावर कितीही ठोका, वळत नाही. ‘स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट’ म्हणजे एवढंच. चार सळया एकदम भट्टीत घातल्या, तर एकीकडेही धड लक्ष राहत नाही; ते ‘टू मेनी आयर्न्स इन द फायर’. दांडा ढिला असला की कुऱ्हाडीचं पातं निसटून उडतं, म्हणून एकदम भडकणारा माणूस ‘फ्लाइज ऑफ द हँडल’. बॉयलरमध्ये दाब वाढला की वाफ सोडावी लागते. सबमिशन संपल्यावर आपण जो धिंगाणा घालतो, तो ‘लेटिंग ऑफ स्टीम’. ‘बॅक टु द ड्रॉइंग बोर्ड’ तर आपल्याच घरातला. १९४१ साली ‘द न्यूयॉर्कर’मध्ये पीटर आर्नो यांचं एक व्यंगचित्र आलं होतं. विमान कोसळलंय, माणसं तिकडे धावताहेत आणि डिझायनर मात्र गुंडाळी काखेत मारून शांतपणे परत निघालाय. हा वाक्प्रचार रूढ झाला तो तिथून.

मराठीतही हेच आहे. सोनार कसाच्या दगडावर सोनं घासून पाहतो, म्हणून आपण ‘कसोटीला उतरणे’ म्हणतो. नायट्रिक ॲसिडचा सोन्यावर परिणाम होत नाही, म्हणून इंग्रजीत ‘ॲसिड टेस्ट’. दोन भाषा, पण दुकान एकच! ‘लालफितीचा कारभार’ आपण इतक्या सहज म्हणतो, की तो इंग्रजीतल्या ‘रेड टेप’वरून आलाय हे लक्षातही येत नाही. मात्र शब्दाला शब्द ठेवत गेलात तर फसाल. आपण आगीतून फुफाट्यात पडतो, इंग्रज तव्यातून आगीत पडतो. संकट तेच, चूल वेगळी.

काही चित्रं मात्र आपली नसतात. ‘बॉलपार्क फिगर’ बेसबॉलमधून आली. क्लायंटनं ती मागितली, तर त्याला अंदाजे आकडा हवा असतो, दशांश चिन्हापुढचे तीन अंक नव्हे. उलट ‘स्टिकी विकेट’ आपल्याला चटकन कळते, अमेरिकन माणूस गोंधळतो. सगळ्यात गमतीचा प्रकार ‘टेबल’चा. एखादा मुद्दा ‘टेबल’ करा म्हटलं, तर ब्रिटिश माणसाच्या लेखी तो चर्चेला घ्यायचा असतो आणि अमेरिकनाच्या लेखी बाजूला ठेवायचा! इथं घोकलेली यादी काय कामाची? सरळ विचारायलाच हवं.

खरी अडचण इथंच आहे. मराठी माध्यमातून आलेल्या एखाद्यानं ग्रुप डिस्कशनच्या प्रॅक्टिसला ‘म्हणजे काय?’ असं विचारलं, की कोपऱ्यातून कुणीतरी खुदकन हसतं. त्यानंतर तो विचारत नाही, नुसती मान डोलावतो. हीच सवय पुढं नोकरीत जाते. मीटिंगमध्ये न कळलेल्या गोष्टीला मान डोलावणारा इंजिनीअर किती महागात पडेल, ते मी सांगायला नको. हसणाऱ्यांना माझं एकच आव्हान आहे : ‘ताकाला जाऊन भांडं लपवणे’ हे एकदा इंग्रजीत समजावून सांगा बघू!

सरांना आणि मॅडमना विनंती, की वर्गात इडियम जरूर वापरा, पण त्यामागचं चित्रही एका वाक्यात सांगा. मुलाखतीला जाणाऱ्यांनी इडियमची फोडणी घालायच्या भानगडीत पडू नये. साधं, नेमकं इंग्रजी बोललं तरी भागतं. दुसऱ्यानं वापरलेला मात्र कळला पाहिजे. त्यासाठी मेसबाहेरच्या फळ्यावर रोज एक इडियम लिहू या. तो कुठल्या कामातून आला, तेही लिहायचं आणि शेजारी त्याचा मराठी भाऊबंद. खडू मी आणतो. पहिला इडियम कोण लिहितंय, बोला!